निरपणी

स्टोअरच्या वहीत पहिला रकाना, वस्तूचे नाव.
मी लिहिलं : स्क्वीजी, नग सहा.
'स्क्वी' दीर्घ, 'जी' दीर्घ,
आणि अर्थ कुठेच नाही.

वास्कोत, बंदराकडे तोंड असलेल्या आमच्या इमारतीला
समुद्राच्या बाजूने एकशे बारा काचा.
वारा फिरला की एकूणएक काचेवर कोळसा बसतो.
फडक्याने पुसलात तर फासला जातो,
काजळ घातलेलं पोर रडावं तसा.

येल्लव्वा पुसते. गदगची.
तिला वहीतल्या नावाशी देणंघेणं नाही.
"सर, ते कुंयकुंय द्या," म्हणते.
आणि खरंच, ओल्या काचेवरून रबर खाली येतं
ते स्वतःचं नाव सांगतच येतं.
पात झिजली की आवाज घोगरा होतो.
मग ती नवी मागते, मी सही घेतो.

लिफ्टवरचा बोस्त्यांव जन्मभर तारवटी.
म्हणाला, बाब, हे आमचं, जहाजावरचं.
डेकवरचं खारं पाणी लोटायला
हातभर रुंद, लांब दांड्याचं असायचं.
दाबण्या-पिळण्याचा कसलासा इंग्रजी शब्द
खलाशांनी तोंडात घोळवून घोळवून
त्याचं हे असं केलं.
खरंखोटं त्यालाच ठाऊक.
मला पिळणं पटलं नाही.
हे काही पिळत नाही, कुणाला आवळत नाही,
एक कड टेकवतं
आणि न थांबता खाली येतं.
थांबलं की तिथे रेघ राहते.

माझा आतेभाऊ खारीवाड्यात छपाई करायचा.
सप्ताहाची, तियात्राची, बेपत्ता माणसांची पोस्टरं.
त्याच्याकडे हेच अवजार उलट्या कामाला होतं.
इथे काचेवरून काढायचं, तिथे जाळीतून घालायचं.
एका ओढीत शाई खाली उतरायची
आणि कागदावर कुणाचा तरी चेहरा यायचा.
तो त्याला फळी म्हणायचा.
पेट्रोलपंपावरचा पोरगा वायपर म्हणतो
आणि गिऱ्हाइकाने न विचारताच गाडीची काच ओढतो.
माझ्या घरी न्हाणीच्या दाराआड एक उभं असतं.
त्याला कुणी काहीच म्हणत नाही.

पियेदादबाईंच्या घराला अजून शिंपल्यांची तावदानं.
त्यांना यातलं काही लागत नाही.
उजेड कुणी धुतो काय, म्हणतात.

ऑडिटच्या साहेबांनी पेनाचं टोक ठेवलं.
"याला आपल्यात काय म्हणतात?"
पुसणी, म्हटलं. ती तर पाटीची.
ओढणी म्हणणार होतो, बरं झालं गप्प बसलो.

रात्री कल्पिताने सोलकढीचं भांडं कलतं केलं,
आतून एक बोट फिरवलं गोल,
राहिलेलं सगळं माझ्या वाटीत आलं.
"निरपून घेतलं," म्हणाली, "वाया कशाला?"

आणि बाबा आठवले.
पाळी संपवून धक्क्यावरून आले की
दारातच उभे राहायचे,
आडवी तर्जनी कपाळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत
ओढायचे एकदाच,
आणि काळा घाम झटकून टाकायचे अंगणात.
मागे कपाळावर बोटभर रुंद पट्टा,
त्यांच्या खऱ्या रंगाचा.
तेवढ्या पट्ट्यातूनच
मला ते दिवसभराचे पहिल्यांदा दिसायचे.

सकाळी वहीत जुना शब्द खोडून
लिहिलं : निरपणी, नग सहा.
शेजारी आद्याक्षरं केली.

"सर, कुंयकुंय," येल्लव्वा आली.
दिली.
तिसऱ्या मजल्यावर तिने पहिली ओढ घेतली,
काचेत उभा एक पट्टा उघडला,
त्यात मावेल तेवढं जहाज,
तेवढीच क्रेन,
आणि क्रेनच्या तोंडातून सांडणारा
उद्याचा कोळसा.