सपाट मुलखात

आमच्याकडे चढ विचाराल तर एकच:
खाडीवरचा पूल, तोही एका दमात संपणारा.
बाकी सगळं पाटासारखं.
डोंगर म्हणून आम्ही वारा चढतो.

गुरुवार, सकाळचे आठ, बोव्वारचं चर्च.
सहा सायकली. आन्सेल्म, ओदिल, दोघे ल्युको भाऊ,
बेकरीत शिकाऊ असलेली मायेल,
पहाटे तीनपासून पीठ मळून आलेली,
भुवईला अजून मैदा.
आणि मी.
सत्तावीस वर्षं खाडीच्या झडपा उघडल्या, मिटल्या.
अजून खिशात भरती-ओहोटीचं वेळापत्रक ठेवतो,
कुठेच जायचं नसलेल्या तिकिटासारखं.

क्रम ठरलेला, कुणीच न ठरवलेला.
आन्सेल्म पुढे, त्याच्या मागे मी.
कालवांच्या टोपल्या उचलून रुंद झालेली त्याची पाठ.
वारा आधी त्याला भेटतो,
उरलासुरला आमच्या वाट्याला.
एकोणीस वर्षं मी त्या आडोशात चाक फिरवलंय.
चेहरा विचाराल तर नीट सांगता येणार नाही,
पाठ मात्र चित्र काढून देईन:
उजवा खांदा किंचित उतरता,
मधल्या खिशात केळं,
केळ्याला टेकून घडी घातलेला पावसाळी कोट.

मिठागरं आली. पाण्याच्या चौकटींत
आकाश वाळत घातलेलं.
एक मीठकरी फावडं थांबवून हात वर करतो,
आम्हाला की वाऱ्याला, कळत नाही.
वर वळलेल्या चोचीचे पक्षी
चिखलात टाके घालतायत.
चर, बांध, चर, गाय, चर.
बोरू सगळे एका अंगाला कललेले.

आणि त्या सरळ रस्त्यावर,
जिथे पुढचं गाव अर्धा तास दिसतच राहतं
आणि जवळ येत नाही,
आन्सेल्मने कोपर हलवलं.

एवढंच. उजवं कोपर, माशी उडवावी तसं.
आमच्यात त्या खुणेचा अर्थ एकच:
आता तू ये.

खूण माझ्यासाठी होती.
मी गिअरकडे बघितलं. गिअरला काही झालं नव्हतं.
माझ्याकडे एक झडप होती, उत्तरेकडची,
कधीच खाली उतरायची नाही.
उतरली त्या दिवशी आवाजसुद्धा झाला नाही,
आणि मी तिथेच उभा होतो, हातात तेलाचा डबा घेऊन.

मायेल मागून आली.
हात हँडलच्या खालच्या वळणावर, तोंडातून शब्द नाही.
वारा तिला भेटला.

ती चणीने लहान. तिचा आडोसा असून असून केवढा,
पिठाच्या पोत्याएवढा.
आन्सेल्म त्यात मावेना. डावीकडे, उजवीकडे सरकत राहिला,
पाहुण्याच्या घरी रात्री दिव्याचं बटण चाचपावं तसा.
मग सापडलं. मान खाली,
तिच्या चाकापासून वीतभर अंतर.
आणि ती पाठ, मी बघत होतो,
कोटाच्या घडीसकट सैल झाली.

अकरा किलोमीटरनंतर रान लागतं.
पाइन, वाळू, गळलेल्या सुयांचा तपकिरी गालिचा.
वारा बाहेरच चपला काढून थांबतो.
कान एकदम रिकामे होतात.
साखळ्या ऐकू येतात,
धाकट्या ल्युकोचं कुरकुरणारं पेडलही.
इथे पुढे काय, मागे काय.
पसरलो, दोघं-दोघं, तिघं.

आन्सेल्म माझ्या शेजारी आला.
बाजूने त्याचं नाक पाहिलं. मोठं आहे.
म्हणाला, “मागे राहिलं की गाई दिसतात.”
“दिसतात.”
“ती पांढरी, एक शिंग मोडलेली. कधीपासून आहे?”
“असेल सात-आठ वर्षं.”
“हं,” म्हणाला.
मग बराच वेळ नुसत्या सुया चाकाखाली.

मला म्हणायचं होतं, त्या कोपराबद्दल.
मी भरतीची वेळ सांगितली. दोन वाजून दहा.

रान संपतं तिथे मायेलने खिशातून ब्रिऑश काढला,
चेपलेला, घामाने कोमट.
सहा तुकडे केले, सारखे नाहीत.
समोर समुद्रकाठचा रस्ता, उघडा,
वाळू आडवी धावत होती त्याच्यावरून.
ओदिलने विचारलं, “पुढे कोण?”

आम्ही चघळत राहिलो.
तोंडात लोण्याची चव होती, आणि थोडं मीठ.