कडेचा हात

हाल्वर्सनबाईंचा नियम: बटण दाबण्याआधी
चौकटीच्या चारही कडा झाडून घे.
अर्धी कोपरं, तुटके बूट, कुणाची तरी वेणी,
सगळं बाहेर. आणि माणूस जिकडे पाहतोय
तिकडे थोडी मोकळी जागा सोड.

डुलुथमधला जानेवारी. कॅन्टीनच्या खिडकीतून
सरोवरावरच्या बर्फाचा उजेड थेट टेबलापर्यंत.
एमेट एकटाच, हुडी डोक्यावर,
दुधाच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचत.
मी बाकावर गुडघा टेकला,
त्याला चौकटीच्या डाव्या अंगाला सरकवलं,
उजवीकडे नुसतं टेबल ठेवलं. श्वास रोखला.

नेमका तेव्हाच कडेने एक हात आत आला.
निळं नेलपॉलिश, टवके उडालेलं,
तळहातावर सोललेलं अर्धं संत्रं.

बाई म्हणाल्या, छान आहे. तेवढा हात काप.
मी दोन दिवस माउस धरून बसलो.
कापला की फोटो अगदी नियमात बसायचा,
आणि एमेट परत एकटा.

मे महिन्यात वार्षिक अंक आला. पान एकोणचाळीस.
लॉकरपाशी तिघीजणी भांडत होत्या,
तो हात माझा म्हणून.
मी एमेटलाच गाठलं.
तो बराच वेळ पानाकडे बघत राहिला.
म्हणाला, संत्रं आंबट होतं.