रकाना चौथा

फॉर्मवर चौथा रकाना असतो: पत्ता.
तो रिकामा ठेवला तर संगणक पुढं सरकत नाही,
म्हणून मी लिहिते: साओ पावलो, उड्डाणपुलाखाली,
बेकरीकडून तिसरा खांब.
संगणक विचारतो, पिनकोड?
मी बेकरीचा टाकते.

तिसऱ्या खांबाशी अदेल्मो राहतो,
त्याची भंगाराची हातगाडी,
आणि फारोफा नावाची कुत्री,
जिला माझ्या पिशवीचा वास पाठ आहे
पण माझा भरवसा नाही.

क्षयाच्या चार गोळ्या, रोज, माझ्या डोळ्यांदेखत.
“रिकाम्या पोटी घ्यायच्या,” पहिल्या दिवशी म्हणाले
आणि जीभ चावली.
तो हसला, खोकला येईस्तोवर हसला.
“त्या बाबतीत, दोना इल्झामार,
माझ्याइतका शिस्तीचा पेशंट मिळायचा नाही.”
तिसऱ्या दिवशी लघवी केशरी झाली
तेव्हा मात्र घाबरला.

गोळ्यांपुरतं पाणी समोरच्या इमारतीतून येतं.
पहारेकरी वाल्दिर बाटली भरून देतो, मालकाला न सांगता.
अकरा मजले. एकाही खिडकीत दिवा नाही.
वाल्दिर रात्रभर त्या रिकामपणाची राखण करतो
आणि पहाटे दोन बस, एक ट्रेन बदलून
घरी जातो, भाडं झेपतं तिथं.

जूनमध्ये पालिकेत बैठक झाली.
आरोग्य खातं म्हणालं, घरं आमच्या अखत्यारीत नाहीत.
गृहनिर्माण खातं म्हणालं, खोकला आमच्या अखत्यारीत नाही.
रात्रनिवाऱ्याचे साहेब म्हणाले, जागा आहे की,
पण कुत्रं नको, हातगाडी नको,
आणि खोकणारा तर नकोच, एका खोलीत ऐंशी खाटा आहेत.
कॉफी चांगली होती.
मला एवढंच विचारायचं होतं
की औषधाच्या चिठ्ठीवर ‘घर’ लिहिलं
तर ती कुठल्या खिडकीवर चालते?
हात वर केला होता. वेळ संपली होती.

अदेल्मो खांबावर खिळ्यानं रेघ ओढायचा,
रोज एक. पाचवी आडवी.
एकशे बारा झाल्या
त्या रात्री थंडी सहा अंशांवर उतरली,
आणि पहाटे सफाईचा ट्रक आला, पाण्याच्या पाइपासकट.
घोंगडी गेली. हातगाडी गेली. छातीचा एक्स-रे गेला
पुठ्ठ्याच्या ढिगाबरोबर.
मी पोचले तेव्हा दोन माणसं
खांबाला राखाडी रंग देत होती.

पत्ता नसलेल्या माणसाचा
पत्ता लागत नाही.
कुणाला विचारू? बेकरीवाला म्हणाला, बरं झालं, वास जायचा नाही.
मग लगेच म्हणाला, कुत्री गोड होती.

तीस दिवस झाल्यावर संगणकानं आपणहून लिहिलं:
रुग्णाने उपचार सोडले.
मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं.
कर्ता आहे. कर्म आहे. क्रियापद आहे.
ट्रक कुठंच नाही.

त्या संध्याकाळी पुलाखाली जाऊन
मी खांबावरून हात फिरवला.
रंग पातळ मारला होता, ठेका दिलेला असणार.
रेघा बोटांना लागत होत्या.
आंधळ्यासारखी मोजत गेले. वाल्दिर बघत उभा होता,
बाटली त्यानं भरून आणली होती, सवयीनं.

एक्केचाळिसाव्या दिवशी दवाखान्याच्या दारात
आधी फारोफा आली.
मागून तो, हाडं मोजून घ्यावीत असा,
एका पायात रबरी चप्पल, दुसऱ्यात बूट.
“आज कितवा?” त्यानं विचारलं.

नियम असा, की खंड पडला तर पहिल्यापासून.
रजिस्टरमध्ये मी लिहिलं: १.
तोंडानं म्हणाले, “एकशे तेरावा.”
तो रजिस्टरकडे बघत राहिला.
वाचता येतं त्याला. मी विसरले होते.

“पोट रिकामं आहे, दोना,” तो म्हणाला.
“द्या.”