परिशिष्ट तीन

आमचं इथे काही नाही.
जमीन कुठल्याशा पेन्शन फंडाची, छप्पर भाड्याचं,
माल गिऱ्हाइकाचा,
आणि गिऱ्हाइकाचं गिऱ्हाईक आणखी भलतीकडेच.
मी आणि तू त्यांचं त्यांच्यात चालतं.
आम्ही व्याकरणातला तिसरा पुरुष:
ज्याच्याविषयी बोलतात,
ज्याच्याशी नाही.

स्त्रिकुफ. दोन महामार्ग एकमेकांना कापतात
त्या कोपऱ्यात, बटाट्याच्या शेतांना लागून, हॉल क्रमांक चार.
बोगुमिल नव्या पोरांना सांगतो,
आपण जागा विकत नाही रे, माप विकतो,
शिंप्यासारखं.
कुत्र्यांच्या खाण्याला जमिनीपासून हातभर उंची.
नाताळच्या काचगोळ्यांना अंधार,
आणि त्यांच्या गल्लीत भर ऑगस्टातही
फोर्कलिफ्ट माणसाच्या चालीनेच न्यायची.

गल्ली चौदा पेट्यांची.
तशी इथे सगळ्यालाच पेटी म्हणतात,
या मात्र खरोखरच्या, वाजणाऱ्या, इटलीतून आलेल्या अकॉर्डियन.
परिशिष्ट तीन: हवेत ओल पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के.
कप्प्यांना हिरवा नमदा. एकीवर दुसरी कधीच नाही.
नमदा झेनॉनने लावला, गुडघ्यांवर बसून, तीन रविवार.
लेस्या म्हणाली, आमच्या हॉस्टेलच्या भिंतीत ऐंशी टक्के आहे,
कुणी येत नाही मोजायला.

मोजणं माझ्याकडे होतं.
रात्रपाळीत दर दोन तासांनी
खांबावरचं मीटर, वही, आकडा, सही.
सहा वर्षं.

मग ब्र्नोच्या बाजूला कुणीतरी
पेटीमागे अकरा सेंट कमी सांगितले.

शेवटच्या मोजणीत हव्या होत्या तीनशे बारा,
भरल्या तीनशे तेरा.
पुन्हा मोजल्या. तेरा.
कमी भरलं तर फॉर्म आहे, पिवळा.
जास्त भरलं तर नाही.
कधीतरी परत आलेली, एक पट्टा तुटलेली, लेबल गळून पडलेली;
सिस्टममध्ये नाही म्हणजे
कप्प्यात असूनही कुठेच नाही.
मेल केला. चाळीस मिनिटांत उत्तर:
नष्ट करावी. पुराव्याला फोटो.
भाता कापलेला स्पष्ट दिसावा.

वाजवता येतं का कुणाला, झेनॉनने विचारलं.
सोळा माणसं.
सहा वर्षं.
कुणी बूट पाहिले, कुणी छताचे दिवे.
त्याने मग तिची बटणं सोडली, एका बाजूने उचलली,
आणि आपल्याच वजनाने ती उघडत गेली,
हवा आत घेत.
मिटली तेव्हा एकच सूर निघाला, लांब, थोडा खरखरीत;
कुत्र्यांच्या खाण्यावरून, काचगोळ्यांवरून
लोडिंगच्या दारापर्यंत गेला.
बोगुमिलने घड्याळ पाहिलं.
मग हात खिशात घातला, घड्याळासकट.

कटर माझ्या खिशात होता. खोकी उघडायचा, रोजचाच.
लेस्याने बॅटरी धरली.
पुठ्ठा, कापड, सरसाचा वास,
आणि आतल्या घडीत पेन्सिलीने केलेली
कुणा कारागिराची सही, न लागणारी.
ती फोटोत आली नाही.
मागितली नव्हती.

आता गल्ली चौदात गाड्यांचे बंपर.
त्यांना काही लागत नाही, फक्त रुंदी.
टेप घेऊन माणसं आली, खांबांमधलं अंतर बदललं,
जुन्या खिळ्यांची भोकं सिमेंटने भरली.
नमदा लेस्याने मागून घेतला,
खिडकीच्या फटीत कोंबला म्हणे.
मीटर तेवढं राहिलं खांबावर,
त्यांच्या यादीत नव्हतं, आमच्याही नाही.

वही जमा केली मी. पण दोन वाजता, चार वाजता
मान आपोआप वळते.
अडतीस, मी म्हणते,
कोरडं झालंय फार,
आणि बंपर मोजायला लागते.