एकोणिसावा

एकोणीस डॉक्टर आले माझ्या हाताखाली.
हाताखाली म्हणायचं नसतं,
कागदावर मीच त्यांच्या हाताखाली.
बॉण्डचं एक वर्ष, कधी सातच महिने.
एकजण गणपतीला म्हणून गेला तो बॅग न्यायलाही आला नाही,
त्याचा वस्तरा अजून क्वार्टरच्या खिडकीत आहे.

हा एकोणिसावा, निनाद गुंडावार, यवतमाळकडचा.
समुद्र पहिल्यांदा पाहिला तो आमच्या सड्यावरून,
आणि विचारलं, "सिस्टर, हा रात्रीपण असाच आवाज करतो?"

पहिल्याच आठवड्यात त्यानं यमुना डोर्लेकरचे हात बघितले.
बेचक्यांत कातडी पांढरी पडून फाटलेली.
सुंदर अक्षरात लिहिलं: मलम दोनदा. हात कोरडे ठेवा.
ती हसली.
"मी सुंगटां सोलतंय ओ डॉक्टरानू.
हात सुके ठेवले तर पेज खंयसून येतली?"

मी मध्ये बोलले नाही.
पहाटे साडेतीनला त्याच्या दारावर थाप मारली,
शेडवर नेलं, बसवलं तिच्याशेजारी उलट्या क्रेटवर.
बर्फाच्या पाण्यात दोन तास.
किलोमागे किती मिळतात हे त्यानं विचारलं नाही,
मोजलं.
मग मुकादमाशी भांडून हातमोजे आणले.
पंधरा दिवस टिकले.
सोळाव्या दिवशी त्यांचे पैसे मजुरीतून कापले,
तेव्हा बायकांनीच काढून ठेवले.
दोन दिवस नीट जेवला नाही.
मी कुळथाची पिठी पाठवली, भांडं तसंच परत आलं.

पलीकडच्या वाडीवर मात्र चिडायचा.
"नऊला ओपीडी उघडते. ही माणसं वेळेवर का येत नाहीत?"
भिंतीवरचं कॅलेंडर काढून मी त्याच्यापुढे ठेवलं.
तिथी वाचा. तीननं गुणा, चारनं भागा.
आज चतुर्थी, म्हणजे तीनला भरती.
म्हणजे नऊला, आपण कुलूप काढतो तेव्हा,
खाडीत मांडीभर गाळ आणि होडी कुशीवर.
आठव्या महिन्यातली बाई त्यात कशी उतरेल, सांगा.

पेन फिरवत राहिला.
"हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

खतिजा सोलकरनं.
नोकरीचं माझं दुसरं वर्ष.
मी धक्क्यावर टॉर्च धरून,
ती समोर, हाकेच्या अंतरावर, रुतलेल्या होडीत.
पाणी यायला अजून दीड तास.
तिचा आवाज येत होता, मग तिच्या जावेचा.
बाळाचा नाही आला.
रजिस्टरात कारणाचा रकाना बोटभर रुंद,
मी लिहिलं: माता उशिरा आली.
माझंच अक्षर. अजून वाचता येतं.

दुसऱ्या दिवसापासून फळ्यावर ओपीडीची वेळ रोज नवी.
तालुक्याहून पत्र आलं, बदलाला परवानगी कोणाची?
त्यानं उत्तरात पंधरा तिथींचा तक्ता जोडला.
त्यावर आजवर काही कळवलेलं नाही.

वैशाखात धनबहादूरला आणलं,
ट्रॉलरवरचा खलाशी, आठ दिवसांचा ताप, डोळे हळदीसारखे.
जिल्ह्याला पोचायच्या आधी घाटीत गेला.
डॉक्टरांनी निदान नीट लिहिलं,
आणि त्याखाली, रकान्याबाहेर, समासात, कागद आडवा धरून:
तांडेलानं मासळी उतरेपर्यंत सोडलं नाही.
कार्ड नाही, म्हणून यायला भ्याला.
शेवटी ओहोटी.
कागद परत आला. लाल गोल, शेरा: अनावश्यक मजकूर.
त्यानं खोडला नाही. मीही नाही.
तो खतिजाच्या पानात घालून ठेवलाय.

परवा गेला तो. एसटीत बसताना
यमुनेनं सुक्या सुंगटांची पुडी दिली,
त्यानं तिचे हात उलटेपालटे करून बघितले. तसेच होते.

विसावी सोमवारी येतेय.
फोनवर विचारत होती, क्वार्टरला पंखा आहे का.
आहे, म्हटलं.
ओपीडी किती वाजता, विचारलं तिनं.
मी कॅलेंडरकडे बघितलं. सोमवारी दशमी.
साताला या, म्हटलं,
आणि चप्पल घाला, बूट नको.