एकास दोनशे

औलूत जानेवारीत ऊन येतं ते
बसत नाही, चहा नको म्हणत,
उंबऱ्यावरूनच परत फिरतं.
तेवढ्या तीन-चार तासांत मी पुठ्ठ्यावर
कार्ना कंपनीचं मुख्यालय चिकटवत होते.
भूर्जाच्या पातळ फळ्या, अॅक्रिलिकच्या काचा,
वाळक्या तुऱ्यांची झाडं.
माणसं पितळेची, नऊ मिलिमीटर उंच.
चारशे बारा.

व्हेइक्को म्हणाला, सगळे चालताना दाखव.
बसलेलं कोणी नको. एकटं कोणी नको.
माणसं एकमेकांना चुकून भेटली पाहिजेत,
म्हणून तर जिने इतके रमतगमत काढलेत.
मी चिमट्यानं एकेकाला उचलून
दुसऱ्याला चुकून भेटवत राहिले.

इथं कोपऱ्यातली खोली नाही,
तो संचालकांना सांगत होता,
कारण इमारतीला कोपराच नाही.
नदीच्या वळणासारखी भिंत. सगळे सारखे.
अध्यक्षबाई वाकल्या,
काचेवर त्यांचा श्वास धुरकटला.
छान, म्हणाल्या. फारच छान.
आणि मी कुठे बसते?

पुढच्या मंगळवारी आराखड्यात
तिसऱ्या मजल्यावर, दक्षिणेला,
एक कोपरा आला.
तो मी रात्र जागून कापला.

जमीन कॉर्कची केली. सपाट.
खालची दलदल दाखवायची रीत नाही,
ना तिच्यात ठोकायचे अकराशे खांब,
ना आईची तिथली हिल्लाची जागा.
हिल्ला म्हणजे केशरी फळ,
घोटाभर चिखलात उभं राहून एकेक वेचायचं,
आणि कुठे मिळालं ते सख्ख्या बहिणीलाही
सांगायचं नाही.
आईनं वर्तमानपत्रातला नकाशा पाहिला,
त्यावर बोट ठेवलं, म्हणाली,
आता सांगायला हरकत नाही.

चारशे तेरावं माणूस
मी कुणाला न विचारता केलं.
बॉयलरच्या खोलीमागे, जिथं फोटोवाले जात नाहीत,
एक बाई बसवली, बूट काढणारी.
आराखड्यात बाक नव्हता.
काडेपेटीतल्या काडीचा तुकडा दिला तिला बसायला.
व्हेइक्कोला ती दिसली का, ठाऊक नाही.
दिसली असेल तर तो बोलला नाही,
आणि त्याच्या सगळ्या कामांतलं
मला हेच जास्त आवडतं.

मग इमारत झाली.
चार हजार माणसं चुकून भेटली,
त्यातून काही लग्नंही झाली म्हणे.
नवव्या वर्षी कंपनी विकली गेली,
ज्यांनी घेतली त्यांनीही पुढे विकली.
दर्शनी भिंतीवरची अक्षरं उतरवली
तेव्हा खाली नाव उरलंच होतं,
धूळ न बसलेल्या रंगात,
पूर्वीपेक्षा ठळक.

काल गेले होते.
रमतगमत जिन्याला दोरी बांधलीय,
तेवढी उंच पोकळी गरम ठेवणं परवडत नाही.
तिसऱ्या मजल्यावर नव्यानं आलेल्यांना
भाषा शिकवतात आता.
अध्यक्षबाईंच्या उन्हात
एक सोमाली आजोबा
आमच्या पंधरा विभक्त्यांतली अकरावी
घोकत होते, न वैतागता.
मी दारातून मान हलवली.
त्यांनी मला चुकून बाई समजून
उठून नमस्कार केला.

मागच्या बाजूला गेले.
खरं तर परतीची बस तिकडून नाही.
बॉयलरच्या खोलीमागे बाक अजूनही नाही,
दुधाचा एक क्रेट उलटा पडलेला,
त्यावर सफाईच्या निळ्या कोटातली बाई
बूट काढून झटकत होती.
रस्त्यावर टाकतात ती खडी, बारीक,
हिवाळाभर पायाखाली येणारी.

तिनं वर पाहिलं.
इथं बसायला बंदी आहे का?
नाही, म्हटलं, बसा.

उजवा होता.
मी डावा केला होता.