तेविसावा प्रश्न

आमच्या गावाला नाव नव्हतं, नंबर होता: अकरा.
मालगाडीतून उतरवलेल्या माणसांनी
कझाक माळावर खड्डे खणले, वर गवताची छपरं टाकली,
आणि त्यांतल्याच एका खड्ड्यात, बकऱ्यांच्या शेजारी,
पेत्रोनेला झावाद्स्का धर्मशिक्षणाचा वर्ग घ्यायची.

पुस्तक नव्हतं. ते मागे राहिलेल्या अंगणात
पिंपात घालून पुरलेलं.
जे होतं ते तिच्या डोक्यात, प्रश्न एक ते साठ,
सुगरणीला अंधारातही
डब्यांच्या जागा ठाऊक असतात, तसे.

त्रैक्य शिकवताना ती माझे केस मोकळे करायची:
हा पिता, हा पुत्र, हा पवित्र आत्मा.
तीन पेड. आता सांगा, वेण्या किती?
यूझिकचं डोकं उवांमुळे भादरलेलं.
तो रडायला लागला, तेव्हा तिनं त्याच्या हाती
बकरीचं दावं दिलं:
घे, यातला एक पेड काढून दाखव,
मग बघू दावं उरतं का.

सातवी आज्ञा मात्र ती पुटपुटायची.
चोरी करू नकोस, म्हणताना
हात नकळत खिशावर जायचा,
खिशात सामूहिक शेतावरचे गहू,
संध्याकाळी आमच्याच लापशीत पडणारे.
आम्ही खिशाकडे पाहिलं. तिनं आमच्याकडे.
"आठवी," ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात."

दाराबाहेर कुल्याश लोकर कातत बसे.
कमांडंटचा घोडा दिसला की खोकायची.
ती नमाज पढणारी बाई,
पण तिसऱ्या हिवाळ्यात आमच्यातलं कुणी अडखळलं
तर पुढचा शब्द बाहेरून यायचा.

ख्रिस्तप्रसादाचं काय शिकवणार?
एकोणीस वर्षं धर्मगुरू फिरकला नाही.
चव मला शिकवता येत नाही, ती म्हणायची,
भूक शिकवते.
हात असे धरा. रिकामे.
अजून रिकामे.

आणि मग तेविसावा.
देव चांगला, तर निष्पापांच्या वाट्याला दुःख का?
विचारायची आणि थांबायची.
बकरी रवंथ करायची. चातीचा आवाज यायचा.
"याचं उत्तर मी विसरले," पहिल्यांदा म्हणाली.
पुढे पुढे तेही म्हणेना.
साधारण चुलीवरचं दूध वर येईपर्यंतचा वेळ,
आणि मग: चोविसावा.
आम्हाला वाटलं, गप्प राहणं हेच उत्तर.
आम्ही ते चोख पाठ केलं.

फादर झेनॉन आले ते कुंपणं पडल्यावर,
कोवळी दाढी, खोक्यात छापील प्रश्नोत्तरी.
आम्ही साठीची पोरं बाकावर बसलो,
बावीस उत्तरं खडाखड म्हणून दाखवली.
तेविसाव्याला सगळे एकदम गप्प.
बिचाऱ्यांनी आधार म्हणून पहिला शब्द दिला.
कुणी उचलला नाही.
यूझिकनं बोट वर केलं: थांबा, चालू आहे.

त्या रात्री मी पुस्तकात उत्तर वाचलं.
दीड ओळ. बरोबर आहे,
मला खोट काढता आली नाही.
पण पहिल्या हिवाळ्यात जिनं दोन मुलं
बर्फातच ठेवली, जमीन कुदळ घेईना म्हणून,
जिला चोविसापासून साठापर्यंत कानामात्रा चुकली नाही,
ती नेमकं एवढंच विसरली?
विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

आता वर्ग माझा. मुलांच्या खिशात फोन,
गव्हाची गरज नाही.
पुस्तकातलं उत्तर मी शब्दन् शब्द शिकवते,
फादरांना तसं वचन दिलंय.
फक्त त्या प्रश्नाच्या आधी
शेगडीवर दूध ठेवते.

कधी कधी उतू जातं.